नाव टेनिसचं, दुखणं आपल्या कोपराचं

महिन्यातून एका रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही मागच्या खोलीत बी.पी. तपासायला बसतो. गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी एक ताई रांगेत होत्या. पाच घरची धुणीभांडी करतात. चहाचा कप उजव्या हातानं उचलायला गेल्या आणि कप हातातून सुटला. "सिस्टर, हाताला जोरच राहिला नाही बघा," म्हणाल्या आणि पिशवीतून दवाखान्याची चिठ्ठी काढली. बारावीतल्या लेकीनं ती वाचून दाखवली : टेनिस एल्बो. रांगेतल्या बायका हसल्या. ताईही हसल्या. "अगं, मी कुठं टेनिस खेळले? मी तर बॅट हातात पण धरली नाही!"

हसू आम्हालाही आलं. पण चिठ्ठी नीट वाचली तेव्हा ते विरलं. सात महिन्यांत कोपरात तीन इंजेक्शनं झाली होती. पाचांपैकी दोन घरची कामं सुटली होती. आणि सात महिन्यांत एकानंही ताईंना विचारलं नव्हतं की, "तुम्ही कपडे कसे पिळता? बादली कशी उचलता?"

या लेखात आम्हाला त्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. खेळाडूचं कोपर दुखलं तर त्याचा हात कुठं होता, कसा होता, हे आधी पाहिलं जातं. कष्टकऱ्याचं दुखलं तर फक्त सुई दिसते. हा फरक आम्हाला मान्य नाही.

नाव कुठून आलं?

हे दुखणं पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते १८७३ साली, रुंगे नावाच्या एका जर्मन डॉक्टरनं. गंमत अशी की त्यानं ते टेनिस खेळणाऱ्यांत नाही, लिहिणाऱ्या हातात पाहिलं होतं. पुढं इंग्लंडमध्ये बंगल्यांच्या हिरवळीवर 'लॉन टेनिस' सुरू झालं. साहेब लोकांची कोपरं दुखू लागली आणि १८८२-८३ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांच्या मासिकांत त्याला टेनिसचं नाव चिकटलं. ते आजपर्यंत सुटलेलं नाही. खरं पाहता हे दुखणं होणाऱ्यांत टेनिस खेळणारे अगदी थोडे असतात. बाकी सगळे हातानं राबणारे आणि वयानं बहुतेक पस्तीस ते पंचावन्नच्या मधले.

आपल्या घराघरांत हे नाव पोचलं ते सचिन तेंडुलकरमुळं. २००४ साली त्याचं डावं कोपर दुखावलं, सामने बुडाले आणि २००५ च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली. तोही टेनिस खेळत नव्हता. जड बॅट वर्षानुवर्षं घट्ट धरून फिरवत होता. म्हणजे टेनिस हे निमित्त. मूळ कारण धरण्यात आणि पिळण्यात आहे.

आत नेमकं होतं काय?

आपला हात टेबलावर पालथा ठेवा. आता मूठ आवळा. मनगट जरा वर उचललं जातं, दिसलं का? मूठ आवळली की मनगट खाली वाकू नये म्हणून त्याला वरून ओढून धरणारे स्नायू असतात. हे सगळे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला, जिथं हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथं एका जाड दोरीनं चिकटलेले असतात. या दोरीला कंडरा म्हणतात. आपण बादली धरतो, फडकं पिळतो, थापी चालवतो, ब्रश ओढतो, पोळी लाटतो, तेव्हा प्रत्येक वेळी ही दोरी ताणली जाते. दिवसाला शेकडो वेळा ताण पडला आणि रात्री भरून निघायला वेळ मिळाला नाही, तर दोरी विसविशीत होते. दोराच्या खाटेची सुंभं झिजतात, तसं.

म्हणून सूज कमी करणाऱ्या गोळीनं दुखणं थोडं थांबतं, पण झिजलेली दोरी भरून येत नाही. बाहेरच्या उंचवट्यावर दाबलं की कळ येणं, तळहात खाली ठेवून खुर्ची किंवा भरलेलं पातेलं उचलताना जीव जाणं, कप सुटणं, हात मिळवताना दुखणं, ही या दुखण्याची ओळख. कोपराच्या आतल्या बाजूला, अंगाकडच्या उंचवट्यावर दुखत असेल तर ते त्याचंच भावंड. त्यालाही खेळाचंच नाव आहे, गोल्फर्स एल्बो. श्रीमंतांच्या खेळांनी आपली दोन्ही दुखणी वाटून घेतली म्हणायची!

झाडूचा फोरहँड

त्या रविवारी रांगेत आपल्याच वस्तीतला एक मुलगा होता. तो एका जिमखान्याच्या टेनिस कोर्टवर बॉल उचलायचं काम करतो आणि सकाळी कोर्ट रिकामं असलं की थोडं खेळतोही. चिठ्ठी ऐकून तो पुढं आला. म्हणाला, "मावशी, आमच्याकडं कोपर दुखलं की सर पहिल्यांदा हात कुठं आहे ते बघतात." कोपऱ्यातला झाडू उचलून त्यानं फोरहँड करून दाखवला. त्यानं जे दाखवलं आणि आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात शरीराबद्दल जे शिकवलं, ते एकमेकांशी जुळत होतं. म्हणून इथं सांगतो.

फोरहँड म्हणजे उजव्या हातानं खेळणाऱ्यानं उजव्या बाजूला आलेला चेंडू तळहात पुढं करून मारणं. यात पहिली गोष्ट, चेंडू अंगाच्या पुढं मारायचा. तो बाजूला किंवा मागं गेला की उशीर झाला. मग हात मागं अडकतो, खांदा फिरून काही उपयोग होत नाही आणि माणूस उरलेला जोर मनगटाच्या झटक्यानं लावतो. तो झटका थेट कोपराच्या आतल्या बाजूला बसतो. दुसरी गोष्ट, कोपर बरगड्यांना चिकटवायचं नाही आणि फार दूर फेकायचंही नाही. काखेत थोडी मोकळी जागा, कोपर किंचित वाकलेलं, मनगट मागं वळून स्थिर. तिसरी, जोर हाताचा नाही. तो पायातून येतो, कमरेतून फिरतो, खांद्यातून हातात उतरतो. हात शेवटचा. चौथी, मूठ मोकळी. चेंडू लागण्याच्या क्षणापुरती घट्ट, बाकी वेळ सैल.

कोपर वाकलेलं चांगलं की सरळ, यावर खेळाडूंमध्ये वाद होतात. फेडरर आणि नदाल यांचा हात फोरहँडच्या वेळी जवळजवळ सरळ असायचा, जोकोविचचा वाकलेला असतो. तिघंही जगातले मोठे खेळाडू. म्हणजे एकच कोन देवानं ठरवून दिलेला नाही. सरळ हातानं मारायचं तर चेंडू आणखी पुढं गाठावा लागतो आणि पाय तितके चपळ लागतात. नवख्यानं नक्कल करून हात ताठ केला, पण पाय जागेवरच राहिले, तर ताण कोपरावर येणार. बाहेरच्या बाजूचं दुखणं जास्त करून एका हातानं मारलेल्या बॅकहँडमधून येतं, जेव्हा कोपर पुढं आणि मनगट वाकलेलं असतं. शिवाय रॅकेटची मूठ हाताच्या मानानं बारीक असेल, तारा फार ताठ असतील किंवा चेंडू रॅकेटच्या मधोमध न लागता कडेला लागत असेल, तर प्रत्येक फटक्याचा धक्का कोपरापर्यंत पोचतो. कोपर दुखत असेल तर जाणकार आधी तारा सैल करायला आणि मुठीला गुंडाळी वाढवायला सांगतात.

तारांवरून आम्हाला सोण भिक्खूची गोष्ट आठवली. श्रीमंत घरचा हा मुलगा भिक्खू झाला आणि चालून चालून पायातून रक्त येईपर्यंत कष्ट करू लागला. तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण दिली. फार ताणल्या तर नीट वाजत नाहीत, फार सैल सोडल्या तरी नाही. विहारात आपण ही गोष्ट साधनेबद्दल ऐकतो. कोपराच्या दोरीलाही ती तितकीच लागू पडते.

मुलाचा झाडू पाहून ताईंनी सहज विचारलं, "मग पिळताना पण असंच धरायचं का रे?" आम्ही वीस वर्षं रुग्णसेवा केली, पण हा प्रश्न आमच्या डोक्यात आला नव्हता. तो ताईंच्या डोक्यात आला.

हेच आपल्या कामाला लावू

पिळणं हे सगळ्यात वाईट. दोन्ही मनगटं उलटसुलट वळतात आणि दोन्ही कोपरं ताणली जातात. जाड कपडा, चादर, जीन्स पूर्ण पिळू नका. नळाला वेढा घालून दोन्ही टोकं एका दिशेनं फिरवा आणि अंगाचा भार मागं द्या. किंवा दोरीवर आधी पाणी निथळू द्या, मग खालचं टोक दाबा. पिळायची दिशा अधूनमधून बदला. काम नेहमी अंगाच्या पुढं आणि जवळ घ्या. हात लांब करून, अंग वळवून पिळणं म्हणजे उशिरा मारलेला फोरहँडच.

बादली, पिशवी, घमेलं उचलताना तळहात वर किंवा अंगाकडं ठेवा, कोपर थोडं वाकवा आणि वजन पोटाजवळ आणा. तळहात खाली करून, हात ताठ ठेवून उचललेलं वजन कोपराला जास्त जड जातं. एक भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन अर्ध्या न्या. बादलीची कडी बारीक असते, तिला जुनं फडकं गुंडाळून जाड करा. झाडू, खराटा, थापी, हातोडा, पेंटिंगचा ब्रश, पान्हा, सगळ्यांच्या मुठीला हाच उपाय. मूठ जाड झाली की बोटांना कमी आवळावं लागतं.

झाडताना, रंग देताना, लादी पुसताना मनगट हलवू नका, खांद्यातून आणि पायातून हला. वीस-पंचवीस मिनिटांनी हात बदला किंवा काम बदला. आधी सगळी भांडी, मग सगळे कपडे असं न करता थोडं हे, थोडं ते केलं तरी दोरीला श्वास मिळतो.

इंजेक्शनबद्दल स्पष्ट बोलू

स्टेरॉइडची अशी इंजेक्शनं भरून डॉक्टरांच्या हातात आम्हीच दिलेली आहेत. पुढच्या आठवड्यात बाई हसत यायची, "सिस्टर, जादू झाली." आम्हालाही बरं वाटायचं. चार महिन्यांनी तीच बाई पुन्हा रांगेत असायची, हे आम्ही पाहत होतो. पण दोन्ही गोष्टी जोडून पाहत नव्हतो.

ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास २०१३ साली छापून आला. त्यात काही रुग्णांना स्टेरॉइड दिलं, काहींना औषध नसलेली सुई दिली. वर्षभरानं पाहिलं तर स्टेरॉइड घेतलेल्या शंभरातल्या ५४ जणांचं दुखणं उलटलं होतं. औषध नसलेली सुई घेतलेल्यांत असे शंभरात फक्त १२ होते. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांचा आराम वर्षभराच्या किमतीला पडतो.

यावर वस्तीतून उत्तर येतं आणि ते खोटं नाही : "सिस्टर, वर्षाचं कोण बघतंय? उद्या कामाला नाही गेलं तर घर जातं." भाकरीसाठी सुई घेणाऱ्या बाईला आम्ही दोष देणार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की तिला हे सांगून मग सुई द्या. आणि एकामागून एक तर मुळीच नको. दुखण्याच्या गोळ्याही मनानं रोज खाऊ नका. पोटाला आणि किडनीला त्या महाग पडतात, बी.पी. असेल तर आणखीच.

खरा उपाय सावकाश आहे, पण फुकट आहे. खुर्चीवर बसून हात मांडीवर पालथा ठेवा, पंजा गुडघ्याच्या पुढं मोकळा. पहिले काही दिवस दुसऱ्या हातानं पंजा वरून दाबा आणि खालच्या हातानं न हलता विरोध करा. तीस ते पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. कळ जरा बसली की अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली दुखऱ्या हातात धरा. दुसऱ्या हातानं पंजा वर उचलून द्या, मग पाच आकडे मोजत सावकाश खाली सोडा. पंधरा वेळा, मध्ये मिनिटभर विसावा, असं तीनदा, रोज. थोडं दुखेल, दहापैकी तीनपर्यंत चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त ठणकलं तर बाटलीतलं पाणी कमी करा. दोन-तीन महिने नेम ठेवावा लागतो. बहुतेकांचं दुखणं वर्षाच्या आत बरं होतं. काम करताना कोपराच्या दोन बोटं खाली पट्टा बांधला तर काहींना हलकं वाटतं, झोपताना तो काढा.

"दिवसभर हातच चालवतो, वर व्यायाम कशाला?" असं मावश्या विचारतात. कामाचा भार आपण ठरवत नाही, मालक ठरवतो. व्यायामाचा भार आपण ठरवतो. दोरी मोजूनमापून दिलेल्या भारानं घट्ट होते, बेहिशेबी भारानं झिजते.

पण काही वेळा थांबायचं नाही. पडून-आपटून दुखलं, सांधा सुजून गरम झाला, ताप आला, कोपर सरळच होईना, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला, मानेतून कळ हातात उतरत असेल, तर डॉक्टरांकडं जा. आणि हात दुखतोय, सोबत छातीत दाब, घाम, धाप किंवा जबड्यात कळ असेल, तर ते कोपर नाही, ते हृदय असू शकतं. पट्टा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

विश्रांती ही मेहरबानी नाही

सचिनला विश्रांती मिळाली, फिजिओ मिळाला, लंडनचा सर्जन मिळाला. तो हक्कानं मिळाला, चांगलंच झालं. आमच्या ताईंना दोन दिवस सुट्टी मागितली तर दुसरी बाई ठेवली गेली. कंडरा दोघांच्याही सारख्याच.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं पाहत होते. १९४६ साली कारखान्यांचा कायदा दुरुस्त होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आम्ही नर्स म्हणून त्या कायद्याकडं पाहतो तेव्हा आम्हाला त्यात औषध दिसतं. कमी झालेले सहा तास म्हणजे झिजलेल्या शरीराला भरून यायला मिळालेले सहा तास. पण घरकाम करणाऱ्या बाईच्या तासांना आजही घड्याळ नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. नोंदणी केली नसेल तर करून घ्या. मात्र कोपर दुखतंय म्हणून पगारी सुट्टी हवी असेल, तर त्यासाठी अजून लढावंच लागणार आहे.

तोवर तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, दवाखान्यात केसपेपर काढताना आपला कामधंदा लिहून घ्यायला सांगा. १७०० साली रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरनं सहकाऱ्यांना सांगितलं होतं की रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर 'तू काय काम करतोस?' हेही विचारा. सव्वातीनशे वर्षं झाली, आपल्या केसपेपरवर ती जागा अजून रिकामीच असते. दुसरी, महापालिकेच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एक दिवस तरी बसावा, अशी मागणी महिला मंडळांनी लेखी द्यावी. तिसरी घरातली : जड कपडे पिळायचं काम पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करावं. समता घरच्या मोरीपासून सुरू होते.

त्या ताईंनी नळाला वेढा घालून पिळायला सुरुवात केली, बाटलीचा व्यायाम धरला. पहिला महिना काहीच फरक पडला नाही, रागावल्या आमच्यावर. तिसऱ्या महिन्यात कप सुटणं थांबलं. गेलेल्या दोन घरांपैकी एक परत मिळालं, एक नाही. एका घरी त्यांनी स्वतः सांगून दांड्याचा पोछा मागून घेतला. त्यांच्या लेकीला आता रविवारी तो मुलगा मोकळ्या मैदानात फोरहँड शिकवतो. मैदानाच्या कडेला बसून ताई ओरडतात, "अगं, हात पुढं घे, मूठ सैल!"

पुढच्या महिन्यात बी.पी. तपासणीच्या दिवशी ज्यांचं कोपर दुखतं त्यांनी आपला झाडू, थापी किंवा ब्रश सोबत आणावा. हात कसा धरता ते आम्हाला दाखवा. तिथूनच सुरुवात करू.

जय भीम!